सुशांतदादाच्या हाताखालचे ड्रायव्हर

घरात आम्ही तिघंच, पण माझ्या एकटीत सोळा माणसं राहतात. सरलाआत्या नाकात राहते आणि तिथूनच "अय्या, खरंच की काय" म्हणते. श्रीरंगकाका घशात राहतात, बोलण्याआधी बरोबर दोनदा खाकरतात. मंडळाच्या गणपतीत पूजा सांगणारे गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार डेटाबेस सांभाळतात, ते जिभेच्या टोकाशी. गणिताच्या बाई खांद्यांत. आईला वाटतं ती माझ्यात नाही. आहे. भुवयांत.

नकला करायला मला कुणी शिकवलं नाही, थांबायला मात्र सगळ्यांनी शिकवलं. तरी पाहुणे आले, जेवणं झाली, की आईच म्हणते, "हिमानी, गुरुजी करून दाखव ना." आणि मग गुरुजींना कुणीतरी फोन करून कळवतं.

दोन हजार आठच्या एप्रिलमध्ये एका शनिवारी सकाळी नागपूरहून मोठ्या आईचा फोन आला. मोठी आई म्हणजे बाबांची थोरली वहिनी, सुशांतदादाची आई. ती एरवी बाबांशी बोलते आणि ठेवून देते. त्या दिवशी म्हणाली, हिमानीला दे.

"काय गं, तू म्हणे सगळ्यायच्या नकला करते."

"नाही मोठी आई, थोड्याशा."

"लाजू नको. मले सरलानं सांगितलं. मी जूनमध्ये येऊन राहिली तिकडे. तुझ्या मोठ्या बाबांचे गुडघे विमानात बसत नाही म्हणतात, मी एकटीच येतो. मले सुशांत करून दाखवशील?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याले जाऊन तीन वर्षं झाली, जो तो मले सांगून राहिला, सुशांत देवमाणूस होता. अव्वा, मी काही देवमाणूस जन्माले नव्हता घातला. बारा वर्षांचा होईस्तोवर नाक पुसत होती मी त्याचं. आठ वर्षं तिकडे राहिला, कसा राहिला, काय बोलला, मले माहीतच नाही. तू करून दाखव. बस, अजून काही नको मले अमेरिकेत."

मी हो म्हटलं. फोन ठेवला, बाथरूममध्ये गेले, दार लावलं, आरशासमोर उभी राहिले आणि तोंड उघडलं. कुणीच आलं नाही.

सुशांतदादा माझ्याहून अठरा वर्षांनी मोठा. सत्त्याण्णवमध्ये तो नागपूरहून नॉर्थ कॅरोलिनात एमएस करायला आला आणि मग एका औषधांच्या कंपनीत दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या नोकरीला लागला. चुका सापडल्या की तो त्या माणसाकडे जाऊन आधी सॉरी म्हणायचा. तिथल्या कॅरी गावात त्याचं दोन खोल्यांचं अपार्टमेंट होतं. आमच्या घराण्यातलं जे माणूस अमेरिकेत आलं ते आधी तिथे उतरलं. आधी श्रीरंगकाका उतरले, मग त्यांना शिकागोजवळ शॉमबर्गला प्रोजेक्ट मिळालं. दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं उतरलो. मी तेव्हा नऊ वर्षांची. पुढच्या वर्षी सरलाआत्या आणि तिचे यजमान उतरले, ते मग गाडीने चार-पाच तासांवर अ‍ॅशबर्नला गेले. प्रत्येक पाहुण्यागणिक दादा गादीवरून सतरंजीवर, सतरंजीवरून कार्पेटवर सरकत गेला. आम्ही होतो तेव्हा तो स्वयंपाकघरात फ्रीजच्या पाठीशी झोपायचा. विचारलं तर म्हणायचा, "ऊब असते न इथे."

पाहुण्यांना तो दोन गोष्टी शिकवायचा. कुकरच्या शिट्टीने फायर अलार्म वाजला तर काय करायचं, आणि गाडी. कॅरीत गाडी नसेल तर माणसाला कोथिंबीरसुद्धा मिळत नाही. त्याच्याकडे एक मरून रंगाची जुनी गाडी होती. अपार्टमेंटच्या मागे एक बंद पडलेलं फर्निचरचं दुकान होतं, त्याचं पार्किंग म्हणजे दादाचं ड्रायव्हिंग स्कूल. रविवारी सकाळी नऊला वर्ग. दुधाचे प्लास्टिकचे मोठे रिकामे डबे पाण्याने भरून तो ओळीने मांडायचा आणि प्रत्येक डब्याला घरातल्या माणसाचं नाव द्यायचा.

"काकू, हा श्रीरंगकाका. याला धक्का लागला तर हा दहा मिनिटं बोलते. ही सरलाआत्या, ही नुसती अय्या म्हणन. सांभाळून जा."

आईने पहिल्या रविवारी श्रीरंगकाकांना दोनदा मारलं. तिने हे मुद्दाम केलं असं बाबा अजूनही म्हणतात.

"मी पुण्यात लक्ष्मी रोडवरून स्कूटी चालवलीय," आई म्हणाली. तिचा आवाज चढला होता.

"म्हणूनच भेव वाटून राहिलं मले," दादा म्हणाला.

मी मागच्या सीटवर असायचे, घरी एकटीला ठेवता येत नाही म्हणून. त्यामुळे आईचं सगळं शिक्षण माझ्या कानांसमोर झालं. दादाचं एक ठरलेलं होतं. गाडी रस्त्यावर काढायची असो, लेन बदलायची असो, तो ते मोठ्याने म्हणायचा आणि शिकणाऱ्यालाही म्हणायला लावायचा: "डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. आता मागे पाहा." मग काहीतरी एक. आणि मग "चाल."

ते काहीतरी एक मला आठवत नव्हतं. सूर आठवत होता, शब्द गेले होते. आणि नकलेचं असं असतं, की माणूस त्याच्या एका वाक्यात राहतो. ते वाक्य सापडलं की बाकीचा माणूस आपोआप मागून येतो. गुरुजी "हं, पुढे" या दोन शब्दांत राहतात. दादा त्या गेलेल्या वाक्यात होता.

आई तिसऱ्या खेपेला पास झाली. श्रीरंगकाका चौथ्या, पण ते दुसऱ्या म्हणतात. एकदा दादासाठी न्यू जर्सीहून एक स्थळ आलं होतं. मुलगी वीकेंडला कॅरीत आली, कॉफी झाली, पाच मिनिटांत विषय संपले. मग बोलता बोलता तिला गाडी येत नाही असं निघालं. दादा तिला घेऊन थेट फर्निचरच्या दुकानामागे. दोन दिवसांत त्याने तिला गाडी मागेपुढे करून उलटी फिरवायच्या थ्री-पॉइंट टर्नपर्यंत आणलं. ती घरी जाऊन पास झाली आणि वर्षभरात तिने दुसऱ्याशी लग्न केलं. दादा लग्नाला गेला. आल्यावर आईने विचारलं, वाईट नाही वाटलं का रे. म्हणाला, "वाटलं न. मान वळवून ब्लाइंड स्पॉट नाही पाहत ती अजून."

दोन हजार पाचच्या फेब्रुवारीत, एका मंगळवारी दुपारी, ऑफिसात खुर्चीत बसल्या बसल्या त्याच्या डोक्यातली एक रक्तवाहिनी फुटली. संध्याकाळी आम्हाला फोन आला तेव्हा सगळं संपलं होतं. बाबा त्याची गाडी आणायला गेले. आल्यावर ते एवढंच म्हणाले की गाडीच्या दोन्ही बाजूंना पार्किंगच्या रेघांपर्यंत अगदी सारखी जागा होती.

बाबा अस्थी घेऊन नागपूरला गेले. इकडे रस्त्यांवर बर्फ, कुणाला कुणाकडे जाता येईना. तेव्हा श्रीरंगकाकांनी शॉमबर्गहून शोकसभा बोलावली, कॉन्फरन्स कॉलवर. डायल करायचा नंबर आणि पासकोड ईमेलने आला, वेळ सेंट्रल आणि ईस्टर्न दोन्ही टाइम झोनांत दिलेली. आई आणि मी स्पीकरफोनसमोर निरांजन लावून बसलो.

काका दोनदा खाकरले. "सुशांतचं व्यक्तिमत्त्व मी तीन पॉइंट्समध्ये मांडतो. पॉइंट नंबर एक, डिपेंडेबिलिटी." पंचवीस मिनिटं झाली. पॉइंट नंबर तीनला त्यांचा आवाज जरा अडकला, तेव्हा ते म्हणाले, "एक मिनिट, पाणी पितो." शेवटी म्हणाले, "धन्यवाद. कुणाला काही क्वेश्चन्स?" कुणाला नव्हते. क्लिक असा आवाज झाला.

आई सहा दिवस जेवली नव्हती. भिंतीकडे बघत बसायची. मला वाटलं हिला हसवावं. मी तेरा वर्षांची होते, आणि मला तेवढं एकच येत होतं. मी दोनदा खाकरले आणि म्हटलं, "पॉइंट नंबर चार. निधनाचे ॲक्शन आयटम्स मी सगळ्यांना ईमेल करतो. कृपया शुक्रवारपर्यंत रडून घ्यावं. एक मिनिट, पाणी पितो."

आई हसली. सहा दिवसांत पहिल्यांदा हसली, डोळे पुसत म्हणाली, "अगदी तस्सेच गं. अगदी."

तेवढ्यात कुणीतरी दोनदा खाकरलं. मी नव्हते.

"रत्ना," स्पीकर आईला म्हणाला, "आम्ही अजून लाइनवर आहोत."

"अय्या, मी पण आहे," सरलाआत्या म्हणाली. तो क्लिकचा आवाज म्हणजे तिच्या यजमानांनी दुसऱ्या खोलीतला फोन ठेवला होता.

त्यानंतर तीन वर्षं श्रीरंगकाका आमच्याशी बोलले नाहीत. दिवाळीला छापील कार्ड यायचं, पाकिटावर छापील पत्ता, आत छापील सही. बाबा मला कधीच काही म्हणाले नाहीत. दर रविवारी, पूर्वी काकांचा फोन यायच्या वेळेला, फोनजवळून जाताना मात्र ते जरा थांबायचे.

मीही सहा महिने कुणाची नक्कल केली नाही. मग एक एक जण आपसूक परत आला. आधी आत्या, मग गुरुजी. काका तर लगेचच, लाज नसल्यासारखे. दादा आला नाही. जिवंत होता तेव्हा मी त्याला त्याच्याचसमोर करायचे आणि तो पोट धरून म्हणायचा, "अबे, मी असा बोलतो का?" तोच गेला होता. फोटोतही नाही, कारण कॅमेरा त्याच्या हातात असायचा. ऑफिसच्या व्हॉइसमेलवर त्याचा आवाज होता, पण इंग्रजीत, आणि त्याच्या खुर्चीवर नवा माणूस आला तेव्हा तोही पुसला गेला.

आणि आता मोठी आई येणार होती, सहा आठवड्यांत.

मी आईपासून सुरुवात केली. माझ्याकडे लर्नर्स परमिट होतं, त्यामुळे मी गाडी चालवायची आणि आईने शेजारी बसून दरवाजाचं हँडल धरायचं असं चाललेलं असे. मी म्हटलं, आज तू चालव, मी बघते.

"आज एवढी नम्रता?"

"तुझ्याकडून शिकायचंय."

तिच्या भुवया वर गेल्या, पण खूश झाली. कॉलनीतून मोठ्या रस्त्यावर निघताना ती पुटपुटली: "डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. आता मागे पाहा. हं. चाल."

आई पुण्याची. ती एरवी 'बघ' म्हणते. दिवसभर बघ, इकडे बघ, जरा बघून चाल. फक्त गाडीत 'पाहा', आणि तेही नागपूरच्या सुरात, हेल काढून. तिला हे माहीतच नाही. दादाचा सूर ती सात वर्षं पर्सच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा घेऊन फिरत होती. पण वाक्याच्या जागी "हं".

"आई, तिथे काय होतं?"

"कुठे?"

"'मागे पाहा' आणि 'चाल'च्या मध्ये. दादा काहीतरी म्हणायचा."

"काही नव्हतं. रस्त्याकडे बघ."

रस्त्याकडे मी कशाला बघू, मी चालवत नव्हते. आणि 'बघ' म्हणाली, म्हणजे दादाच्या सुरातून बाहेर आली होती, म्हणजे खोटं बोलत होती.

बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मी मनात म्हणतो." मोठ्याने म्हणा म्हटलं तर म्हणाले, "ड्राइव्ह करताना डिस्टर्ब करू नये."

मे महिन्याच्या शेवटच्या सुट्टीत आम्ही अ‍ॅशबर्नला आत्याकडे गेलो. आत्याने मला वाणसामान आणायला सोबत घेतलं. दोन्ही बाजूंना खिडक्या नसलेल्या डेटा सेंटरच्या इमारती, आणि मधून आत्या, एका हाताने स्टिअरिंग आणि दुसऱ्याने बोलणं. सिग्नलवरून वळताना मात्र दोन्ही हात चाकावर: "डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. आता मागे पाहा. श्रीराम. चाल."

"आत्या, दादा श्रीराम म्हणायचा?"

"अय्या, तो कसला म्हणतोय. देवळात गेलो की चपलांपाशी थांबायचा. कुणीतरी थांबायला पाहिजे म्हणे."

"मग श्रीरामच्या जागी काय होतं?"

आत्याने ओठ दाबले. असं ती कधीच करत नाही, त्यामुळे तिला जमलंही नाही. "ते नको गं बाई. तेव्हा ठीक होतं, सगळे हसायचे. आता तो नसताना बरं नाही दिसत. आणि थोरल्या वहिनीसमोर तर तू ते तोंडातूनसुद्धा काढू नकोस. रत्नाचं नि माझं ठरलंय."

"पण मी तिला दादा करून दाखवते म्हटलंय."

"मग दाखव की, तेवढं सोडून."

"तेवढ्यातच तो आहे, आत्या."

आत्याने माझ्याकडे पाहिलं, तेही सिग्नल हिरवा असताना. मग म्हणाली, "श्रीरंगला विचार. तो अजून म्हणतो, तसंच्या तसं. त्याला कुठे काय बोलू नये हे कधी कळलंय." आणि जरा हसली, कारण मी काकांनाच विचारू शकत नाही हे तिला चांगलं माहीत होतं. ती लाइनवर होती ना.

मी घरी येऊन आठवडाभर माफीची वाक्यं जुळवली. मग एका दुपारी आई बाहेर गेल्यावर शॉमबर्गचा नंबर फिरवला.

"श्रीरंग स्पीकिंग."

"काका, मी हिमानी."

आधी दार लावून घेतल्याचा आवाज. मग दोनदा खाकरणं. "कुणाच्या आवाजातली?"

"माझ्याच."

"बोल."

"काका, सॉरी."

"कशाबद्दल? स्पेसिफिक सांग."

मी स्पेसिफिक सांगितलं. आई जेवत नव्हती हे सांगितलं, मग वाटलं ही सबब होते, म्हणून तेही सॉरी म्हटलं. माझा आवाज फाटला आणि त्यातून नेमकी आत्या बाहेर आली, मग मी थांबले.

"नोटेड," काका म्हणाले. "अजून काही?"

"दादा 'मागे पाहा' आणि 'चाल'च्या मध्ये काय म्हणायचा?"

"ते मी फोनवर सांगणार नाही. फोनवर कोण कोण ऐकत असतं, सांगता येत नाही." मग म्हणाले, "मी आता फोन ठेवतोय. ठेवला." आणि खरोखरच ठेवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मोठी आई शिकागोला उतरली, शॉमबर्गला चार दिवस राहिली आणि तिने तिथून हुकूम काढला: मले तिघांकडे तीन ठिकाणी मिरवायचं नाही. सुशांत जिथे राहिला तिथे सगळ्यांनी या. थोरल्या वहिनीपुढे श्रीरंगकाकांनी कोणता पॉइंट मांडला माहीत नाही. पण शुक्रवारी ते तिला घेऊन कॅरीत आले, विमानतळावरून सात सीटची व्हॅन भाड्याने घेऊन. आत्या अ‍ॅशबर्नहून आली. तीन वर्षांनी आमच्या दारात काकांचे बूट.

"ये," बाबा म्हणाले.

"आलो," काका म्हणाले. दोघांत एवढंच झालं, आणि मग दोघांनी मिळून जवळजवळ तासभर हायवे नंबर चाळीसच्या रुंदीकरणावर चर्चा केली.

मोठी आई फोनमध्ये वाटते त्यापेक्षा खूप लहान होती. नागपुरी सुती साडी आणि खाली पांढरेशुभ्र बूट, शॉमबर्गच्या काकूंनी घेऊन दिलेले. तिने माझी हनुवटी धरली.

"करते ना?"

"उद्या, मोठी आई."

शनिवारी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, घसा बसलाय. ती काही म्हणाली नाही. रात्री जेवताना आत्या म्हणाली, सुशांत म्हणजे देवमाणूस. आई म्हणाली, कधी वर आवाज नाही. मोठी आई वरण कालवत राहिली आणि एकेकाचं तोंड पाहत राहिली, दुकानात सगळे तिला एकच साडी दाखवत असल्यासारखी.

रविवारी सकाळी सगळे व्हॅनमध्ये. काका चालवायला, शेजारी मोठी आई, मधल्या सीटवर आई आणि आत्या, मागे बाबा आणि मी. आधी अपार्टमेंट दाखवलं. "इथे राहायचा." तिसरा मजला, कठड्यावर आता कुणाची तरी बार्बेक्यूची शेगडी होती. मोठी आई काचेतून बघत म्हणाली, "झोपायचा कोणत्या खोलीत?" आईने आत्याकडे बघितलं. स्वयंपाकघराचं सांगायचं की नाही, हे ठरलेलं नव्हतं.

मग फर्निचरच्या दुकानामागे. आता तिथे जिम झाली होती आणि पार्किंग भरलेलं होतं. "इथे त्याने सगळ्यांना गाडी शिकवली, वहिनी," काका म्हणाले. "एकूण सात लायसन्स." मोठी आई बघत होती. बघण्यासारखं काय होतं? डांबर आणि पांढऱ्या रेघा. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही, पण मला कळलं. मी खाली बघितलं.

काकांनी गाडी फिरवून मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आणली. डावीकडे वळायचं होतं, वाहतूक बरीच होती. ते दोनदा खाकरले. आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, कुणाला ऐकवायला नव्हे, मोठ्याने म्हणाले:

"डावीकडे पाहा. उजवीकडे पाहा. आता मागे पाहा. मागे आई नाही. चाल."

गाडी चालली नाही. काकांचा पाय ब्रेकवर तसाच. आत्या हळूच "श्रीराम" म्हणाली. आईच्या भुवया मला मागूनसुद्धा दिसत होत्या. आमच्या मागच्या गाडीने हॉर्न दिला. कॅरीत हॉर्न कुणी देत नाही.

"काय म्हणाला?" मोठी आई म्हणाली.

"काही नाही वहिनी. ते आपलं, सवयीने."

"पुन्हा म्हण."

"वहिनी, त्याचा अर्थ काही तसा..."

"श्रीरंग."

काकांनी पुन्हा म्हटलं. पन्नाशीचा माणूस, पण शाळेत उभा राहून म्हणावं तसं. 'आई नाही' या दोन शब्दांना आवाज अडकला. पाणी जवळ नव्हतं.

मोठी आई समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "लक्ष्मीनगरच्या ग्राउंडवर सायकल शिकवली मी त्याले," ती म्हणाली. "सात वर्षांचा होता. मी मागून कॅरिअर धरून पळो, साडी खोचून. सारखा मागे वळून पाहे, अन् धाडकन पडे. मग मी म्हणो." आणि तिने म्हणून दाखवलं. "डावीकडे पाहा, उजवीकडे पाहा, मागे पाहू नको, मागे आई आहे. चाल."

आईचा तो 'पाहा', आत्याचा तो हेल, काकांचं ते 'चाल', सगळं एका माणसाच्या तोंडून निघत होतं. आमचं अख्खं घराणं अमेरिकेत सात वर्षं जिच्या आवाजात गाडी चालवत होतं, तिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आणि ज्याला मी सहा आठवडे आरशात शोधत होते, तोच मुळात नकला करणारा निघाला.

मोठ्या आईचे खांदे हलायला लागले. आत्याने पर्समधून टिश्यू काढला आणि पुढे केला. मोठी आई हसत होती.

"गाढव," ती म्हणाली. "इथे येऊन सगळ्यायले सांगे, मागे आई नाही." मग डोळ्यांना तो टिश्यू लावला. "खरंच सांगे पण. नव्हतीच न मी." थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणे कसा पण तो? रडवं तोंड करून?"

"नाही वहिनी," काका म्हणाले. "मुळीच नाही. तो म्हणजे असा..." त्यांनी तोंड उघडलं, बंद केलं. मग आरशात बघितलं, थेट माझ्याकडे. "मला नाही जमणार ते. हिला जमतं." आणि दोनदा न खाकरता म्हणाले, "हिमानी, कर."

वाक्य सापडलं होतं. मी तोंड उघडलं आणि दादा आला. 'डावीकडे पाहा' घाईत, 'उजवीकडे पाहा' त्याहून घाईत, 'आता मागे पाहा' मात्र सावकाश, मास्तरासारखं. आणि मग "मागे आई नाही", घरात साखर संपलीय हे सांगावं तितकं साधं. लगेच लांबलचक "चाऽल", आणि त्याच्या शेपटीला हसू.

आईने तोंडावर हात ठेवला. बाबा खिडकीतून बाहेर बघायला लागले, तिकडे जिमच्या भिंतीशिवाय काही नव्हतं. मागची गाडी केव्हाच वळसा घालून गेली होती.

"हसे तो शेवटी?" मोठी आई म्हणाली. ती अजून समोरच बघत होती.

"हो."

"तोंड उघडं ठेवून?"

"हो. आणि मग गुडघ्यावर हात मारायचा."

"ते त्याच्या बापाचं," ती म्हणाली. "पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. काकांनी शेवटी गाडी रस्त्यावर काढली. पहिल्या सिग्नलला पुन्हा. दुसऱ्या सिग्नलला मोठ्या आईने विचारलं की पोळ्या कोण करायचं, मग मी दादा पोळी लाटताना काय बोलायचा ते केलं. आईने मध्येच दुरुस्ती सुचवली. आत्याने फ्रीजमागचं झोपणंही सांगून टाकलं, आणि मोठी आई म्हणाली, "घरीही तो देवघरापाशी ऊब म्हणून झोपे, समईजवळ." काका म्हणाले, "एक करेक्शन. 'आता'वर जोर असायचा." बरोबर होतं त्यांचं. जोर दिल्यावर दादा आणखी जवळ आला.

घराच्या वळणाशी मोठी आई सीटवर मागे टेकली. पांढरे बूट तिने काढून बाजूला ठेवले होते.

"आता," ती म्हणाली, "श्रीरंग करून दाखव."

मग पुढून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

"मी नाही," मी घाईने म्हटलं. "ते खरे काका आहेत."